आधी दोनदा ठोकायचं

भिंतीला भोक दिसलं की माझा हात शिवशिवतो. कुणाकडे पाहुणा म्हणून गेलो तरी चहा येईपर्यंत माझी नजर छतापासून जमिनीपर्यंत फिरून आलेली असते. कुठे तडा गेलाय, कुठे गिलावा फुगलाय, कुठे भोक बुजवायचं राहिलंय, सगळं बघून होतं. आमची ही म्हणते, तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, भिंती तेवढ्या दिसतात. खोटं नाही. बेचाळीस वर्षं गवंडीकाम केलं. माणसांचं काही सांगता येत नाही, भिंत मात्र सांगितलेलं ऐकते. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय म्हणून घरी बसलोय, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बाहेरगावी जाताना लोक औषधाच्या गोळ्या विसरत नाहीत, मी थापी विसरत नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते वाईट हेतूने केलं नाही. हेतू चांगलाच होता. पण हेतू चांगला होता म्हणून कुणाचा जीव परत येत नसतो.

आमची एकुलती एक मुलगी. नाव मोठं झोकदार ठेवलंय, पण घरात ती बारकीच. बारकी आता पस्तीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा दोन बोटं उंच. सहा वर्षांपूर्वी तिने चांगली ऑफिसातली नोकरी सोडली, फिरती खुर्ची आणि थंड हवा सोडली, आणि विष न घालता, जमिनीला न दमवता शेती कशी करायची हे शिकवणाऱ्या एका केंद्रात जाऊन राहिली. तेव्हा मी तिला म्हणालो होतो, माती कालवायला एवढं शिक्षण कशाला लागतं, मी सातवी नापास, आयुष्यभर तेच करतोय की. मी गमतीत म्हणालो. ती हसली नाही. पहिली दोन वर्षं ती म्हणायची, बाबा, एकदा येऊन बघा. मी म्हणायचो, गुडघ्याला झेपत नाही. तिसऱ्या वर्षापासून तिने विचारणं सोडलं. आणि विचारणं सोडल्यावर मला वाईट वाटायला लागलं. असा मी माणूस.

या वर्षी तिचा आईला फोन आला की दोघं या, तीन दिवस राहा, बाबांना घेऊनच ये. मी फोनच्या शेजारीच बसलो होतो. ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि उठून पिशवी भरायला घेतली.

बसमध्ये ही मला बजावत होती. तिथे कुणाला नावं ठेवू नका. तिचं काम बघा, चार शब्द बरे बोला. आणि चुकूनही त्या चिमण्यांचा विषय निघेल असं काही करू नका. मी म्हटलं, सत्तावीस वर्षं झाली, पोरगी विसरली असेल. ही खिडकीबाहेर बघत राहिली.

चिमण्यांचं ते असं. भिंत उंच चढली की उभं राहायला लाकडांची परांची बांधतात. तिच्या आडव्या बल्ल्या भिंतीतच खोचलेल्या असतात. काम संपलं की बल्ली ओढून काढायची आणि राहिलेलं भोक बुजवायचं. बारकी आठ वर्षांची होती. शाळेला सुट्टी म्हणून मी तिला एका दुमजली घराच्या कामावर न्यायचो. एका बल्लीच्या भोकात चिमणीने घरटं केलं होतं, आणि ही पोर रोज डबा खाताना तोंड वर करून ते बघत बसायची. पिल्लं आहेत बाबा, पिल्लं आहेत. एक दिवस आली तर भोक नव्हतं. मी तिला सांगितलं की पिल्लं उडून गेली, मग मी बुजवलं. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर कामावरही कधी आली नाही. मी सगळ्यांना हेच सांगत आलोय, की पिल्लं उडून गेली होती.

केंद्राच्या फाटकाशी एक काळा फळा टांगलेला. वर लिहिलेलं, 'आज दिसलेले'. खाली खडूने यादी: बेडूक – अकरा. ससा – एक, घाईत. साप – एक, बिनविषारी, आपल्या वाटेने गेला. चतुर – मोजणं सोडून दिलं. अक्षर बारकीचं, लगेच ओळखलं. मी विचारलं, यांची हजेरी घेता का रोज? ती म्हणाली, हो, आणि दांडी मारली की काळजी वाटते. म्हणजे थट्टा करायला तिला येत होती. माझ्याशीच करत नव्हती इतकी वर्षं.

तिने आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. मका, शेंगा आणि भोपळा एकाच वाफ्यात, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून. माझ्या डोळ्यांना ओळंब्याच्या सरळ दोरीची सवय, मला ते बघून चक्कर यायची बाकी होती. बांधावर गवत कमरेएवढं वाढू दिलेलं. एका कोपऱ्यात कुजक्या ओंडक्यांचा ढीग, तो म्हणे मुद्दाम रचलाय, किडे आणि सरडे राहतात. मी म्हटलं, गवत कापायला माणसं मिळत नाहीत का? हिने मला कोपर मारलं. बारकी मात्र शांतपणे सांगत होती, या गवतात राहणारे किडे त्या पिकावरचे किडे खातात, डबक्यातले बेडूक उरलेले खातात, आपण फक्त कुणाचं घर मोडायचं नाही. कुंपणाच्या तारेखाली जागोजागी हातभर फट सोडली होती, सशांना ये-जा करायला. ते ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कुंपण वेगळं आणि भिंत वेगळी, असा माझा हिशोब.

एका वाफ्यात वाकून तिने मूठभर माती उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. मातीत दोन गांडुळं वळवळत होती. पण मी बघत होतो तिचा तळवा. बोटांच्या मुळाशी घट्टे, अंगठ्याशी भेग, नखांत माती. थेट माझा हात. तेव्हाच म्हणायला हवं होतं की पोरी, मला तुझा अभिमान वाटतो. मी म्हणालो, माती बरी आहे, गिलाव्याला चालणार नाही. ती हसली, आणि मला वाटलं की जमतंय बहुतेक.

वाफ्यातून निघताना ती म्हणाली, उद्या संध्याकाळी सहा वाजता कोठारापुढच्या बाकावर बसायचं, एक गंमत दाखवायची आहे. काय ते मी विचारलं नाही. गंमत विचारून घेतली की तिची मजा जाते, एवढं मलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी वीसेक शेतकरी केंद्र बघायला आले. विष न टाकता खरंच भागतं का, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि त्यांना पटवायचं काम बारकीचं. दुपारी जेवणं झाल्यावर ती त्यांना घेऊन आतल्या खोलीत बसली, पडद्यावर चित्रं दाखवत. ही स्वयंपाकघरातल्या बायकांबरोबर शेंगा सोलायला बसली. मी एकटा राहिलो. रिकामा गवंडी फार वाईट.

फिरत फिरत कोठारापाशी आलो. जुनी दगडी इमारत, चुन्यातली, धान्य आणि बी-बियाणं ठेवायची. कुणा चांगल्या माणसाने बांधलेली. मी भिंतीवरून हात फिरवला, जुन्या मित्राच्या पाठीवरून फिरवावा तसा. आणि वर बघितलं तर वळचणीच्या खाली एक दगड निखळलेला, माझं डोकं जाईल एवढं भोक, त्याच्याखाली भिंतीवर पांढरे ओघळ. खाली जमिनीवर केसाळ सुक्या गोळ्या पडलेल्या. मी मनात म्हटलं, घ्या. धान्याच्या कोठाराला उंदरांसाठी राजदरवाजा, आणि वर कबुतरांची घाण. आमची पोरगी बेडूक मोजतेय आणि इकडे दाणा चाललाय उंदरांच्या पोटात.

तिला चकित करायचं ठरवलं. म्हातारा नुसता बसून खात नाही, हे दाखवायचं. मागे पाण्याची नवी टाकी बांधत होते, तिथे चुना, वाळू, थोडं सिमेंट होतं, घमेलं होतं, शिडी होती. माल कालवला. गुडघा कुरकुरत होता, त्याला दोन शिव्या घातल्या आणि शिडी चढलो.

आता माझी पद्धत सांगतो. माझ्या उस्तादाने मला पहिल्या दिवशी शिकवलेली. कुठलंही भोक बुजवायच्या आधी थापीच्या दांड्याने दोनदा ठोकायचं आणि दहा आकडे मोजायचे. आत उंदीर, साप, पाखरू काहीही असलं तर पळतं, नाहीतर आवाज करतं. मी दोनदा ठोकलं. दहा मोजले. आतून काही आलं नाही. अंधारात वाकून बघितलं, काही दिसलं नाही. मग बेताचा दगड निवडला, टाचून बसवला, सांधे भरले, ओघळ खरवडले, आणि वाळता माल त्याच भिंतीच्या पायथ्याच्या धुळीने घासून असा रंगवला की कुणी शपथ घेऊन सांगितलं असतं, इथे कधी भोक नव्हतंच. खालच्या गोळ्याही झाडून टाकल्या. शिडी जागेवर ठेवली. हात धुतले. फार दिवसांनी दुपारची झोप छान लागली.

साडेचारला बारकी त्या शेतकऱ्यांना घेऊन शेतात निघाली, मी आणि ही पण मागे. डबक्यापाशी एका शेतकऱ्याने विचारलं, सगळं खरं, पण उंदरांचं काय करता? विषाशिवाय उंदीर आटोक्यात येत नाहीत. बारकीचा चेहरा असा उजळला की मला तिची आठ वर्षांची मूर्ती आठवली. ती म्हणाली, त्याचं उत्तर सहा वाजता कोठाराच्या भिंतीतून बाहेर येईल. मग तिला राहवलं नाही, तिने सांगूनच टाकलं. केंद्राच्या मोठ्या बाईंशी भांडून तिने कोठारातलं विष बंद करवलं होतं. दोन वर्षं उंदरांनी तिची लाज काढली, सगळे हसले. तिसऱ्या वर्षी वळचणीखालच्या भोकात पिंगळ्यांची जोडी आली. पिंगळा म्हणजे छोटं घुबड, दोन मुठींएवढं. ती जोडी दर रात्री उंदीर उचलते, न पचलेल्या केसांच्या गोळ्या तेवढ्या खाली टाकते. या वर्षी पहिल्यांदाच तिथे पिल्लं झालीत, तीन. आई दिवसभर पिल्लांवर बसून असते, माणूस आला की दगडासारखी निश्चल होते, आणि दिवे लागायच्या वेळी बाहेर पडते. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्हाला दाखवायचं होतं ते हेच."

वीस माणसं माना डोलावत होती आणि मला त्यांच्या माना तेवढ्या हलताना दिसत होत्या, आवाज येत नव्हता. दगडासारखी निश्चल होते. म्हणून ठोकल्यावर हलली नाही. दहा नाही, शंभर मोजले असते तरी हलली नसती.

आता लाज वाटते, पण खरं ते सांगतो. पहिला विचार पिल्लांचा आला नाही. पहिला विचार आला, कुणी बघितलं तर नाही ना? चोराच्या मनात चांदणं. मी हिला म्हटलं, जरा जाऊन येतो, आणि गवतातून कोठाराकडे सुटलो. त्या गुडघ्यांनी मी पळालो असं कुणी सांगितलं तर डॉक्टर हसेल, पण मी पळालो. सहाच्या आत भोक उघडायचं, दगड लांब फेकायचा, बाकावर जाऊन बसायचं. कुणाला पत्ता लागणार नाही. असा सगळा बेत पळता पळता तयार झाला.

शिडी लावून वर चढलो. कोठाराच्या कौलावर एक पिंगळा बसला होता, दिवसाउजेडी, नुसता चिरकत होता. नर असणार. मी थापीच्या दांड्याने दोनदा ठोकलं. उगाच, सवयीने. आणि आतून आवाज आला. चोच आपटल्याचा, टक टक, बारीकसा.

तो आवाज मी आधी ऐकला होता. सत्तावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, बल्लीच्या भोकातून. चिवचिव होती ती, पण मला एकच वाटली.

छिन्नी लावून दोन ठोके दिले असते तर मिनिटभराचं काम होतं. पण घाव घातला की चुरा आत पडणार, दगड आत सरकणार, आणि आत जागा कितीशी. मग पाणी मारून माल भिजवला आणि थापीच्या टोकाने सांधा कोरायला लागलो, दगड बाहेरच्या बाजूला मोकळा करत. माल तीन तासांचा होता आणि माझाच होता, म्हणजे पक्का. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या चांगल्या कामाचा राग आला. बोटं सोलली. सांधा अर्धा कोरून झाला होता तेवढ्यात खालून पावलं वाजली.

बारकी होती. तिला दुरून कौलावरचा नर दिसला होता, आणि दिवसा तो असा ओरडत नाही हे तिला माहीत होतं. शेतकऱ्यांना तिथेच सोडून ती धावत आली होती. तिने भिंतीकडे बघितलं. भोक असायला हवं तिथे शिडीवर बाप.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. वरून दगड घसरला होता, तोच काढतोय. बरं दिसलं असतं. उलट शाबासकी मिळाली असती. पण आतून पुन्हा ते टक टक झालं, आणि माझ्याने ते उत्तर बोलवेना.

"मी बुजवलं," मी म्हणालो. "दुपारी. मीच."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिचा चेहरा पांढरा पडला, तिने पुढे येऊन दोन्ही हातांनी शिडी धरली आणि एवढंच म्हणाली, "हळू काढा." पुढचा अर्धा तास तसाच गेला. मी कोरत होतो, ती शिडी धरून होती. शेतकरी आले, ही आली, मोठ्या बाई आल्या, सगळे लांब उभे राहिले. शेवटी दगड हलला. मी चार बोटं आत घालून तो बाहेर ओढला, आणि आतल्या आईने माझ्या करंगळीचा असा लचका तोडला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग ती माझ्या कानावरून पंख फडकवत बाहेर पडली आणि झाडांत गेली.

बारकी वर चढली. बॅटरी लावून तिने आत बघितलं, मग हात घालून एक पिल्लू बाहेर काढलं. पांढुरक्या कापसाचा गोळा, त्यावर चुन्याची धूळ, मान पडलेली. तिने त्याच्या नाकपुड्या रुमालाच्या टोकाने पुसल्या, त्याला तळहातात घेऊन हळू हळू फुंकर घातली. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याने चोच उघडली, भांडखोरासारखी. तिने ते परत आत ठेवलं आणि खाली उतरून सगळ्यांना सांगितलं की पिल्लं तिन्ही जिवंत आहेत, पण आई परत आली तरच जगतील, आणि एवढा त्रास झाल्यावर ती परत येईलच असं नाही.

शेतकऱ्यांना सांगायचं काम मी तिच्यावर ठेवलं नाही. मीच म्हणालो की हे माझं काम, मी बारकीचा बाप, मला विचारायची बुद्धी झाली नाही. कुणी हसलं नाही. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, आम्ही तर आयुष्यभर औषध फवारून असंच बुजवलंय, आम्हाला ठोकायचंही सुचलं नाही. मग सगळे लांबच्या झाडाखाली जाऊन बसले. बाकावर मी आणि बारकी.

उजेड ओसरत होता. भिंतीत ते काळं भोक, आत तीन जीव. माझ्या करंगळीला हिने चिंधी बांधली होती, ती लाल झाली होती. मी बारकीकडे न बघता बोललो, कारण बघून बोलता आलं नसतं.

"त्या चिमण्या उडून गेल्या नव्हत्या," मी म्हणालो. "मी ठोकलं तेव्हा आतून आवाज आला होता. परांची त्याच दिवशी उतरवायची होती, माणसं खोळंबली होती. मी आवाज ऐकला आणि बुजवलं."

ती भिंतीकडेच बघत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "भोक दिसलं नाही त्याच दिवशी मी जिन्यावरून वर गेले होते. भिंतीला आतून कान लावला होता."

आठ वर्षांची पोर, भिंतीला कान लावून. मी ज्या भिंतीवर गिलावा मारून घरी येऊन जेवलो, त्या भिंतीला. मी विचारलं की मग इतकी वर्षं बोलली का नाहीस.

"तुम्ही सांगाल म्हणून," ती म्हणाली.

मी रडलो. मोठ्या माणसांसमोर, शेतकऱ्यांसमोर, बायकोसमोर, नाक शिंकरत रडलो. बारकीने माझ्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. ती तशी नाही, माझ्यावर गेलीय. ती फक्त थोडी सरकून बसली, खांद्याला खांदा लागेल एवढी. मग दोघंही भोकाकडे बघत राहिलो.

पूर्ण अंधार व्हायच्या जरा आधी झाडांतून काहीतरी खाली झेपावलं. कोठाराच्या कडेला टेकलं. मान फिरवली, भिंत निरखली, आमच्याकडे तर असं बघितलं की मी मान खाली घातली. चोचीत उंदराचं शेपूट लोंबत होतं. ती आत शिरली, आणि आतून जी काही चिरचिर सुरू झाली तिने झाडाखालचे वीस शेतकरी एकदम उठून उभे राहिले. कुणी टाळी वाजवली नाही, बारकीने आधीच बजावलं होतं. मी मात्र मनातल्या मनात त्या बाईला हात जोडले.

सकाळी फळ्यावर यादी होती. पिंगळा – दोन. पिल्लं – तीन, तिन्ही ओरडणारी. गवंडी – एक, चावलेला. हिला ती इतकी आवडली की तिने फळ्याजवळ उभं राहून मला दोनदा वाचून दाखवली.

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. पिशव्या भरून झाल्या होत्या. तेव्हा बारकी एक कागद घेऊन आली. टाकीच्या पलीकडे बियाण्यांसाठी नवी खोली बांधायची होती, दगडाची, चुन्यातली. म्हणाली, आम्हाला इथे असं काम येणारा कुणी मिळत नाही, बाबा, तुम्ही थांबाल का. यासाठीच बोलावलं होतं तिने. फोनवर सांगितलं असतं तर मी गुडघा पुढे केला असता, तेही तिला माहीत होतं.

मी कागद बघितला. उत्तरेच्या भिंतीवर जागोजागी चौकोन काढलेले. मोजले तर सतरा. मी म्हटलं, ही भिंत आहे की चाळण? ती म्हणाली, चाळणच, पण पडता कामा नये. प्रत्येक चौकोनाशेजारी तिने माप लिहिलं होतं. पिंगळ्याचं इतकं, वटवाघळाची फट इतकी, गांधीलमाश्यांना बोटभर, सरड्याला इतकं. बेचाळीस वर्षांत मी भिंतीत एकही भोक ठेवलं नव्हतं, आणि आता भोकंच बांधायची. शेवटच्या चौकोनाशेजारची जागा कोरी होती. मी म्हटलं, याचं माप लिहायचं राहिलं.

"ते तुम्हाला माहीत आहे," बारकी म्हणाली.

माहीत होतं. चार बोटं रुंद, चार बोटं उंच, हातभर खोल. परांचीच्या बल्लीचं माप. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि हिला सांगितलं, पिशव्या सोड.

आज दीड महिना झाला. ही दर दोन दिवसांनी विचारते, घरी कधी जायचं, आणि स्वतःच बायकांबरोबर शेंगा सोलायला जाऊन बसते. भिंत उभी राहिलीय, ओळंब्यात आहे, सतरा भोकं धरून. कडा सगळ्या गोल केल्यात, पंखाला लागू नयेत म्हणून. पिंगळ्याची पिल्लं उडाली, खरोखर उडाली, मी बघितलं. सरड्यांनी आपल्या जागा कधीच धरल्या, गांधीलमाश्याही आल्या. सतरावं तेवढं रिकामं आहे. रोज सकाळी फळ्याकडे जायच्या आधी मी त्याच्याखाली जरा वेळ उभा राहतो. ठोकत नाही. बारकी म्हणते, बाबा, घाई करू नका, पाखरं सावकाश विश्वास टाकतात. मी म्हणतो, घाई कसली, तू सत्तावीस वर्षं थांबलीस, मी इथेच आहे.